शुगरची गोळी शरीरात नेमकं काय करते?

कोणी भाजी निवडत असाल, कोणी पीठ मळत असाल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज आपण शुगरच्या गोळीबद्दल बोलणार आहोत.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगते. गेल्या मासिक बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि दोघींची जुंपली. एक मावशी म्हणाल्या, "मी रोज नेमानं गोळी घेते, मग मला चालायला कशाला लावता?" लगेच पलीकडून एक वहिनी म्हणाली, "आणि मी दिवसभर रानात वाकून खुरपते, मला गोळी कशाला?" दोघींनाही शुगर आहे. दोघीही हुशार आहेत आणि दोघींचं म्हणणं वरवर पाहता बरोबर वाटतं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, समजलं नाही ते पुन्हा विचारलं. मी डॉक्टर नाही. मला जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते. गोळी बदलायची, वाढवायची की बंद करायची, ते मात्र डॉक्टरांनाच विचारायचं. हे आजच्या बोलण्यात मी दोन-तीनदा सांगणार आहे, कंटाळू नका.

दोघींच्याही प्रश्नाचं उत्तर एकाच जागी आहे. आपल्या मांड्यांत, पोटऱ्यांत, दंडात, पाठीत. म्हणजे स्नायूंमध्ये.

ते कसं ते पाहू. आपण भाकरी खातो, भात खातो, साबुदाणा खातो. पोटात गेल्यावर त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. आता असं समजा, की रक्त म्हणजे बाजार समितीचं आवार. जेवण झालं, की आवारात साखरेची पोती येऊन पडतात. ती पोती उचलून गोदामात गेली पाहिजेत. आवारातच पडून राहिली तर रस्ता अडतो, माल सडतो, नासधूस होते. रक्तात साखर साचून राहिली, की डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा आणि हृदय यांची अशीच नासधूस होते.

मग गोदामं कुठली? एक यकृत, ज्याला आपण लिव्हर म्हणतो. दुसरं चरबी. आणि सगळ्यांत मोठं गोदाम म्हणजे स्नायू. बाईच्या अंगाच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा स्नायूंचा असतो. शास्त्रज्ञांनी हे मोजलं कसं, तेही ऐका. माणसाच्या एका शिरेतून इन्सुलिन सोडायचं आणि त्याच वेळी रक्तातली साखर खाली जाऊ नये एवढी साखरही शिरेतून देत राहायची. जितकी जास्त साखर द्यावी लागेल, तितकी ती शरीरात उचलली जाते आहे असा हिशोब. अशा तपासण्यांमध्ये दिसलं, की इन्सुलिनच्या सांगण्यावरून उचलली जाणारी बहुतेक साखर, शंभरातली ऐंशीच्या आसपास, स्नायूच उचलतात.

आता इन्सुलिन म्हणजे काय? आपल्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. जेवलो की तो इन्सुलिन सोडतो. इन्सुलिन स्वतः पोती उचलत नाही. ते गोदामाच्या दारावरची घंटा वाजवतं. स्नायूच्या आतल्या खोलीत हमाल बसलेले असतात. शास्त्रज्ञ त्या हमालांना 'ग्लुट-फोर' म्हणतात. घंटेचा निरोप तारेवरून आत गेला, की हमाल उठून दारापाशी येतात आणि साखर आत घेतात. आत गेलेल्या साखरेतली काही लगेच वापरली जाते, काही पुढच्या कामासाठी साठवली जाते.

मधुमेहात काय बिघडतं? आपल्याला वाटतं, इन्सुलिन कमी पडलं. लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहात ते खरंच संपलेलं असतं. पण आपल्या तिशी-चाळिशीनंतर होतो त्या मधुमेहात सुरुवात बहुतेक वेळा वेगळी असते. घंटा वाजते, पण निरोप आत पोचत नाही. तार गंजलेली असते. डॉक्टर याला 'इन्सुलिन रेझिस्टन्स' म्हणतात. म्हणजे इन्सुलिन सांगतंय आणि स्नायू दाद देत नाहीत.

ही तार गंजते कशानं? मोठं कारण आहे चुकीच्या जागी साठलेली चरबी. अंगावरची चरबी कातडीखाली असते तोवर तिचा त्रास कमी. ती जागा पुरेनाशी झाली, की चरबी पोटात, यकृतात आणि स्नायूंच्या आत शिरते. तिथं तिच्यापासून काही पदार्थ तयार होतात आणि ते इन्सुलिनचा निरोप मध्येच अडवतात. मग स्वादुपिंड आणखी जोरात घंटा वाजवतं, जास्त इन्सुलिन सोडतं. काही वर्षं असं रेटलं जातं. तोवर तपासणीतही काही दिसत नाही. पुढं स्वादुपिंड थकतं आणि एक दिवस रिपोर्टमध्ये शुगर येते.

इथं कोणी तरी म्हणेल, "पण मी तर काडीसारखी आहे, माझ्यात कुठली चरबी?" बायांनो, हा आपल्यासाठीच महत्त्वाचा मुद्दा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो. इंग्लंडमधल्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं लहान होती यात नवल नाही. पण लहान असूनही त्यांच्या अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबीचा वाटा जास्त आणि गोदाम जन्मापासूनच लहान. वजनकाटा पाहून "मला शुगर होणार नाही" असं आपल्याला म्हणता येत नाही, ते यामुळे.

देशात किती जणांना हा आजार आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मोठा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्याकडे १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आता गोळ्यांकडे वळू. शुगरची गोळी असं आपण म्हणतो, पण ती एक गोळी नाही. वेगवेगळी औषधं शरीरात वेगवेगळ्या जागी काम करतात. आज तीन नावं लक्षात ठेवा. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन.

पहिलं मेटफॉर्मिन. बहुतेकींना सुरुवातीला हेच मिळतं. सरकारी आरोग्य केंद्रातही हेच देतात. याचं मूळ एका झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती होते, तिच्यात साखर उतरवणारे घटक सापडले. त्याच जातीचं मेटफॉर्मिन १९२२मध्ये डब्लिनच्या प्रयोगशाळेत तयार झालं. माणसांच्या मधुमेहावर ते कसं चालतं, हे जाँ स्टर्न नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७मध्ये मांडलं. म्हणजे औषध जुनं आहे, पारखलेलं आहे.

ते काम कुठं करतं? मुख्यतः यकृतात. रात्री आपण झोपलेलो असतो, पोटात काही नसतं, तेव्हा मेंदूला साखर लागते म्हणून यकृत आपल्या गोदामातली पोती मागच्या दारानं आवारात सोडतं. हे चांगलंच आहे. पण मधुमेहात यकृतही इन्सुलिनचं ऐकत नाही आणि गरज नसताना पोती सोडत राहतं. म्हणून तर आपण म्हणतो, "रात्री अर्धीच भाकरी खाल्ली, मग सकाळी उपाशीपोटी शुगर वाढली कशी?" ती साखर ताटातली नसते, यकृतानं सोडलेली असते. मेटफॉर्मिन ते मागचं दार ओढून घेतं. आतड्यांवरही त्याचं काही काम चालतं. स्नायूंवर मात्र मेटफॉर्मिनचा थेट परिणाम लहानच असतो. वर सांगितलेल्या पद्धतीनं मोजणी केली, तेव्हा स्नायूंनी साखर उचलण्यात त्यानं फारसा फरक पडलेला दिसला नाही. जो पडला, तो बराचसा वजन उतरल्यामुळे आणि रक्तातली साखर कमी झाल्यामुळे पडलेला.

म्हणजे मावशी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळालं. तुम्ही नेमानं घेता ती मेटफॉर्मिनची गोळी यकृताचं दार सांभाळते. मांडी-पोटरीतली गंजलेली तार ती फारशी साफ करत नाही.

दुसरं ग्लिमेपिराइड. हे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. म्हणजे घंटा जोरात वाजवतं. साखर चांगली उतरते, पण जेवण चुकलं तर गरजेपेक्षा जास्तही उतरते.

तिसरं पायोग्लिटाझोन. स्नायूंची तार साफ करणारं औषध कोणतं, तर हे. गंमत अशी, की ते मुख्यतः काम करतं चरबीच्या पेशींवर. कातडीखालच्या चरबीला ते जागा वाढवायला लावतं. मग जी चरबी स्नायूंत आणि यकृतात घुसली होती, ती हळूहळू तिकडं वळते. स्नायूंवरचा भार हलका होतो, घंटेचा निरोप पुन्हा आत पोचायला लागतो, हमाल उठतात. हे एका दिवसात होत नाही. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात.

ऐकून वाटेल, मग हीच गोळी सगळ्यांना द्यावी. मलाही तसंच वाटलं असतं. पण याच गोळीनं आमच्या घरात जे झालं, ते तुम्हाला सांगायला हवं.

माझ्या सासूबाईंना आठ वर्षांपासून शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी ती आवरेना म्हणून तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात नेलं. त्यांनी गोळी बदलून दिली. तीन महिन्यांत रिपोर्ट सुधारला. आम्ही खूश. पण त्याच दिवसांत आईंचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागेना. वजन चार किलो वाढलं. देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली. मी त्यांना म्हटलं, "आई, चहाबरोबर बिस्किटं खाता, म्हणून वजन वाढतंय." चारचौघींत बोलले. त्या गप्प बसल्या. रात्री मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसायच्या. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणाल्या, "अगं, शुगर तर उतरली ना? मग पायाचं काय घेऊन बसलीस? वयच झालंय."

शेवटी एका रात्री त्यांना आडवं झोपवेना, उशाला दोन उशा घेऊन बसून राहिल्या. सकाळी आरोग्य केंद्रात नेलं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्यांचं पाकीट दाखवा." आम्ही पाकीट काढलं, तर ते अर्धं कापलेलं. दुकानदारानं दहातल्या पाच गोळ्या दिल्या होत्या आणि नावाचा भाग दुसऱ्या तुकड्यावर गेला होता. चिठ्ठी घरी. मी पळत घरी गेले, चिठ्ठी आणली. एकाच गोळीत तीन औषधं होती. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन.

पायोग्लिटाझोन शरीरात पाणी धरून ठेवतं. त्यानं पाय सुजू शकतात, वजन वाढू शकतं. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे, त्यांना ते पाणी पेलवत नाही. अशांना ही गोळी देत नाहीत. आईंना पूर्वीपासून थोडी धाप लागायची, पण आम्ही नव्या डॉक्टरांना ते सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. मॅडमनी पुढं पाठवलं, हृदयाची तपासणी झाली, गोळी बदलली, पाणी उतरायचं औषध दिलं. काही आठवड्यांत चपलेचा पट्टा पुन्हा लागला. मी आईंची माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बिस्किटं तरी आता मोजू नकोस."

ही गोळी वाईट आहे, असं मी म्हणत नाही. योग्य माणसाला योग्य मात्रेत दिली, तर ती गुणकारी आहे आणि आपल्याकडे अनेक जण ती घेतात. पण तिच्यावर नजर लागते. २०१३च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं तिची विक्री थांबवली होती. मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका, हे कारण होतं. जुलैअखेरीस बंदी उठवली, पण पाकिटावर इशारा छापायची अट घातली. मधुमेहावरचं पहिलंच औषध म्हणून ती देऊ नये, असंही त्या इशाऱ्यात आहे. शिवाय ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. पाळी गेलेल्या आपल्या आयाबहिणींची हाडं तशीही ठिसूळ होत असतात. म्हणून ही गोळी चालू असेल आणि पाय सुजले, दोन-चार आठवड्यांत वजन झपकन वाढलं, धाप लागली किंवा लघवी लालसर झाली, तर वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि ऐकून घाबरून आज रात्रीची गोळी स्वतःच बंदही करू नका. त्रास नसेल तर चालू ठेवा आणि पुढच्या भेटीत विचारा.

आता तुम्ही म्हणाल, स्नायूंची तार साफ करायला गोळीशिवाय काही आहे का? आहे. आणि ते फुकट आहे.

स्नायूच्या गोदामाला दुसरीही एक घंटा आहे. ती इन्सुलिन वाजवत नाही. ती स्नायू स्वतः हलला की वाजते. आपण चाललो, चढलो, ओझं उचललं, की स्नायूला इंधन लागतं. तेव्हा तो आतूनच हमालांना हाक मारतो. ही हाक त्या गंजलेल्या तारेवरून जात नाही, तिची वाट वेगळी आहे. म्हणून ज्या बाईच्या स्नायूंनी इन्सुलिनला दाद देणं सोडलंय, तिचे स्नायूही चालताना साखर उचलतात. एवढंच नाही, तर चालणं थांबल्यावरही पुढं एक ते दोन दिवस स्नायू इन्सुलिनचं थोडं जास्त ऐकतात. म्हणून डॉक्टर सांगतात, सलग दोन दिवस खाडा करू नका. आठवड्याला दीडशे मिनिटं भरायला हवीत. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

हे आपल्या देशातल्या माणसांवर तपासलेलं आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांना चार गटांत विभागलं. एका गटाला नेहमीसारखंच राहू दिलं. दुसऱ्याला रोजचं चालणं आणि खाण्यातले बदल सांगितले. तिसऱ्याला मेटफॉर्मिन दिलं. चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणाऱ्यांच्या गटात सुमारे ३९ टक्के, मेटफॉर्मिनच्या गटात सुमारे ४० टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत पुन्हा ३९च्या आसपास. हे २००६मध्ये प्रसिद्ध झालं. पुढं २००९मध्ये त्यांनीच आणखी एक अभ्यास मांडला. त्यात चालण्याच्या जोडीला पायोग्लिटाझोन देऊन पाहिलं. नुसतं चालणाऱ्यांपेक्षा त्यानं काही जास्तीचा फायदा झाला नाही. म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही अशांसाठी चालणं गोळीच्या तोडीचं ठरलं.

पण इथं नीट ऐका. हे लोक उंबरठ्यावरचे होते. ज्यांना मधुमेह झालेला आहे, त्यांनी "चालते आहे, आता गोळी नको" असं ठरवायचं नाही. त्यांचं यकृत रात्री साखर सोडत असतं, स्वादुपिंड थकलेलं असतं. त्यांना गोळीही लागते आणि चालणंही लागतं. दोघांची कामं वेगळी आहेत. वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. तुम्ही रानात राबता ते वाया जात नाही, त्याचा तुमच्या स्नायूंना फायदाच आहे. चेन्नईच्या अभ्यासातही जे आधीच अंगमेहनतीचं काम करत होते, त्यांना तेच चालू ठेवायला सांगितलं होतं. पण तुमच्या यकृताचं मागचं दार खुरप्यानं बंद होत नाही. आणि रानातलं काम बारा महिने सारखं असतं का? सुगी संपली, की दोन-तीन महिने आपण बसूनच निवडतो, टिपतो. त्या महिन्यांत शुगर का वाढते, त्याचं एक कारण हे असू शकतं.

आता आपण गटात काय करायचं, ते सांगते.

पहिलं, गोळ्यांचं पाकीट. पुढच्या बैठकीला ज्यांना ज्यांना शुगर आहे, त्यांनी पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायची. गटाच्या वहीत नाही, आपापल्या लहान वहीत औषधाचं नाव आणि मात्रा लिहून घ्यायची. वाचता येत नसेल तर शेजारणीनं लिहून द्यायचं. दुकानदाराला सांगायचं, "भाऊ, पाकीट कापताना नाव आणि तारीख माझ्या तुकड्यावर राहू द्या." नाही राहिलं तर मागे लिहून मागायचं. तो आपला हक्क आहे. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी दवाखान्यात गेलात, तरी ती वही दाखवायची. बीपी, धाप, गरोदरपण, मूत्रपिंडाचा त्रास, काहीही असेल तर विचारायची वाट न पाहता सांगायचं.

दुसरं, एकमेकींच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. "तिला गुण आला, मलाही दे," हे बंद. आता तुम्हाला कळलं, की तिची गोळी यकृतावर असेल, तुमची चरबीवर.

तिसरं, उपवास. चतुर्थी, एकादशी, नवरात्र आपण सोडत नाही. पण गोळीत ग्लिमेपिराइड असेल आणि पोटात काही नसेल, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. असं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि मग काही खायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. उपवासाच्या आधी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

चौथं, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घ्या, म्हणजे मळमळ, जुलाब कमी होतात. खूप वर्षं घेत असाल आणि पायाला मुंग्या येत असतील, तर बी-बारा जीवनसत्त्वाची तपासणी करायला सांगा, कारण ते या गोळीनं कमी होऊ शकतं. मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा करा. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तेव्हा ही गोळी घ्यायची का, ते फोन करून विचारा.

पाचवं, चालणं. मला माहीत आहे, आपल्याकडे बाई संध्याकाळी रस्त्यानं एकटी चालली, की "रिकामी हिंडते" म्हणतात. अंधार असतो, कुत्री असतात. म्हणून एकटीनं नको. चार-पाच जणींनी मिळून शाळेच्या मैदानात चाला. तेही जमलं नाही तर जेवण झाल्यावर अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या मारा. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. वय वाढलं की स्नायू झिजतात. गोदाम लहान होऊ द्यायचं नाही.

आणि शेवटचं. स्नायू हवेतून वाढत नाहीत. त्यांना डाळ, उसळ, शेंगदाणे, ताक, चालत असेल तर अंडं लागतं. घरात सगळ्यांचं झाल्यावर तळाशी राहिलेलं आमटीचं पाणी आणि भाकरी, हे आपलं जेवण. त्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. ज्या गरोदर बायांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. म्हणजे तुमची सून आज काय जेवते, यावर तुमच्या नातवंडांचं अंग घडणार आहे. तिला शेवटी बसवू नका. तिच्याबरोबर तुम्हीही बसा.

आमच्या घरी आता आई, मी आणि माझी लेक रात्री एकत्र जेवतो आणि मग अंगणात फेऱ्या मारतो. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी वर्षातून एकदा उपकेंद्रात जाऊन शुगर आणि बीपी तपासून घ्या. आशाताई सांगायला येतात, त्यांना "नंतर बघू" म्हणून परत पाठवू नका.

पुढच्या बैठकीत पाकिटं आणायला विसरू नका. मी सगळ्यात आधी आईंचं पाकीट दाखवणार आहे, अख्खं, न कापलेलं.